आमच्या पत्त्यावरून

नायनांचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी तो डबा आमच्या घरात आला.

नायना म्हणजे माझे वडील. आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून बाबा किंवा अण्णा न म्हणता नायना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माग दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा सायकल काढून तिकडं जायचे, कुणाचा माग अडला असेल तर हात लावून यायचे. त्याच सायकलवरून शुक्रवार पेठेत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी ते पडले. ऑपरेशन झालं, पण चालणं काही परत आलं नाही. पुढच्या खोलीत खाट टाकली, समोर टीव्ही. आई जाऊन दहा वर्षं झाली होती. मागांच्या आवाजानं कान आधीच अर्धे गेलेले. सकाळपासून टीव्ही मोठ्यानं लावून ते पडून राहायचे. मराठी मालिका, हिंदी बातम्या, जे लागेल ते बघायचे, पण त्यांचं लक्ष त्यात नसायचं, ते आम्हाला कळायचं.

एकदा त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार भेटायला आला. त्याच्या घरी म्हणे एक डबा होता, टीव्हीला जोडला की तेलुगूतले सगळे जुने पौराणिक सिनेमे, सगळे चॅनेल, महिन्याचं काही भरायचं नाही. तो गेल्यावर नायना मला म्हणाले, "तसला मिळतो का बघ." एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून ते एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक. चाळीस कॉम्प्युटर चालू ठेवायचे, तारा बघायच्या, मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नेटवर्क सुरक्षित कसं ठेवायचं हेही मीच करून दाखवत असे. पासवर्ड कसा असावा, अनोळखी वस्तू घरच्या नेटवर्कला का जोडू नये, फुकट मिळणाऱ्या गोष्टीत काय दडलेलं असतं, हे मी फळ्यावर लिहून देत असे. घरीही मी तसाच वागायचो. राउटर बसवला त्याच दिवशी त्याचा मूळ पासवर्ड बदलला. दर महिन्याला त्याचं अपडेट आलंय का बघायचो. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी दोन दिवसांसाठी वायफाय मागितलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. बायको चिडली होती. "पाणी मागितलं असतं तर दिलं असतं ना," असं ती म्हणाली. मी तिला समजावलं, की पाण्याचं वेगळं आणि याचं वेगळं.

असा मी, आणि तो डबा मीच घेऊन आलो. मोबाइलच्या एका दुकानात मिळाला. खोक्यावर कंपनीचं नावसुद्धा धड नव्हतं. त्यात काय असू शकतं हे मला माहीत होतं, आणि ते दुकानातून बाहेर पडतानाही माहीत होतं. पण माझ्या मनात होतं, की मला यातलं कळतं, तेव्हा घरात आणून त्याला बांधून ठेवता येईल.

त्या रविवारी टीव्हीच्या मागं जमिनीवर बसून मी राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय चालू केलं आणि डबा फक्त त्याला जोडला. आमचे फोन, माझा लॅपटॉप, मुलीचा टॅब, हे सगळं दुसऱ्या बाजूला. डब्याला इकडचं काही दिसणार नाही, कशाला हात लावता येणार नाही. मुलगी तेव्हा दहावीत होती. शेजारी बसून विचारत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो आपल्या घरात आहे, पण घरातल्यांत नाही." मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी हे वाक्य मी लॅबमधल्या मुलांना सांगितलं.

वर्षभर नायना सुखात होते, असं म्हणायला हरकत नाही. काळ्यापांढऱ्या सिनेमातले देव आकाशातून उतरायचे आणि नायना त्यांच्या आधी त्यांचे संवाद म्हणायचे. दुपारी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन बसायच्या. बायको सगळ्यांना चहा करायची. मी कॉलेजातून आलो की त्या पदर सावरून उठायच्या. त्या घरात त्या वर्षी जेवढं हसणं झालं तेवढं आईच्या वेळीही नसेल.

मग मार्चमध्ये मला पोलीस ठाण्यातून फोन आला. इंटरनेटचं कनेक्शन माझ्या नावावर होतं, त्याबद्दल थोडं विचारायचं आहे, येऊन जा, असं सांगितलं. वायफायची काही तक्रार असेल असं समजून मी जेवणाच्या सुट्टीत गेलो.

तिथं एक बाई अधिकारी होत्या. आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं ते असं. एका मुलीच्या नावानं कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं. तिच्या चेहऱ्याचे खोटे फोटो तयार करून त्यावर टाकले होते, आणि तिचं लग्न ठरलेल्या घरातल्या माणसांना ते पाठवले होते. लग्न मोडलं होतं. ते खातं पाच-सहा ठिकाणांहून वापरलं गेलं होतं. त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझं घर. दोन वेगवेगळ्या दिवशी, दुपारी.

"या दोन्ही दिवशी तुम्ही कुठं होता?"

तारखा बघितल्या. परीक्षेच्या सुट्ट्या होत्या. मी घरी होतो. तसं सांगितलं.

त्या मुलीचं नाव सांगून ओळखता का असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरंच ओळखलं नाही. पण तपासात निघालं, की दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजनं उन्हाळ्यात बाहेरच्या मुलांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग घेतला होता, त्यात ती होती, आणि तिचं नाव माझ्या हजेरीपटात माझ्या अक्षरात होतं. रोज हजर.

पण ठाण्यात त्यांच्यासमोर बसलो असतानाच मला डब्याचं लक्षात आलं. मी त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि लॅबमध्ये काढतो तशी आकृती काढली. घर, राउटर, डबा. असल्या डब्यांत आधीच काही घातलेलं असतं. ते डबे आपल्या नकळत घरचं इंटरनेट तिसऱ्याच माणसाला वापरायला देतात. ज्याला लपायचं असतं तो असा रस्ता विकत घेतो, गाव निवडून. सोलापुरातलंच कुणी केलं असं वाटावं म्हणून कुणीतरी सोलापूर निवडलं, आणि त्याच्या वाट्याला माझं घर आलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "डबा तुम्ही विकत घेतला, तुम्हीच जोडला. असं काही होऊ शकतं हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

घरी येताना मला दुसरी गोष्ट कळली, आणि ती इतकी साधी होती, की मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. मी डब्याला आमच्या फोनपासून, लॅपटॉपपासून वेगळं ठेवलं होतं, आणि त्यांना खरोखर काहीही झालं नव्हतं. आमच्या घरात कुणी शिरलंच नव्हतं. कुणीतरी आमच्या घरातून बाहेर गेलं होतं. आतून मी कितीही वेगळे कप्पे केले, तरी बाहेरच्या जगाला आमच्या घराचा पत्ता एकच दिसतो. हे मला पुस्तकातून पाठ होतं. इतकी वर्षं मुलांना शिकवत होतो. पण सगळा वेळ मी आत येणाऱ्याचाच विचार केला होता.

दोन दिवसांनी पंचनामा झाला. राउटर, डबा, लॅपटॉप, आमचे दोघांचे फोन आणि मुलीचा टॅब पिशव्यांत भरून मोहोर लावली. पंच म्हणून समोरच्या गृहस्थांना बोलावलं होतं, ज्यांना मी वायफाय दिलं नव्हतं त्यांनाच. त्यांनी सही केली आणि माझ्याकडं न बघता गेले. नायनांनी खाटेवरून तेलुगूत विचारलं, टीव्हीपण नेणार का. टीव्ही ठेवला होता. त्याच्या मागची तार तशीच लोंबत होती. मी हवालदाराला मराठीत सांगितलं, की माझे वडील विचारताहेत. तो म्हणाला, "नाही आजोबा, बघा तुम्ही टीव्ही." नायनांना ते ऐकू गेलं नाही.

मुलीला आम्ही सांगितलं, की पप्पांच्या कॉलेजच्या कामासाठी तपासणी आहे. तिनं मान हलवली. गल्लीत तिच्या मैत्रिणी होत्या, तेव्हा तिला किती दिवसांत सगळं कळलं असेल ते मी विचारलं नाही.

कॉलेजात प्राचार्यांनी मला बसवून घेतलं. चांगले बोलले. चौकशी पूर्ण होईपर्यंत मुलांशी संबंध येणार नाही असं काम द्यावं लागेल, असं ते म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मला भांडारात पाठवलं. मोडकी बाकं, जुने मॉनिटर, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तिथं खिडकी होती, पण ती लॅबच्या व्हरांड्याकडं उघडायची, म्हणून मी ती बंद ठेवायचो.

साधारण महिन्यानं, एका रविवारी दुपारी, जिचं लग्न मोडलं होतं त्या मुलीचा बाप आमच्या घरी आला.

मी दार उघडलं तर डोक्याला पटका, अंगात पहारेकऱ्याचा निळा शर्ट, हातात सायकलची किल्ली. माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठा. त्यानं आपण कोण ते सांगितलं. मूळचे सांगोल्याकडचे. घरी मेंढरं होती, आता एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर होता. पोलिसांनी सांगितलं नव्हतं, पण पत्ता शोधत आला होता. मी त्याला आत घेतलं. तो खुर्चीवर बसला नाही, नायनांच्या खाटेपाशी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. बायकोनं पाणी आणलं, ते त्यानं घेतलं. चहाला नको म्हणाला.

"मला एवडंच बगायचं हाय," तो म्हणाला. "कुटनं गेलं ते दाखवा की."

दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. टीव्हीच्या मागची तार दाखवली. डबा इथं होता, म्हणालो. मग पुन्हा सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. समजा मामा, तुमच्या कारखान्याच्या गेटातून कुणी चोरून ट्रक बाहेर काढला, आणि कागदावर गेटाचं नाव आलं. तो ऐकत होता. ट्रकाचं त्याला कळलं, कारण लगेच म्हणाला, "मग गेटावरल्याला इचारणारच की. त्येला ठावं न्हाई म्हणून कसं चालंल?"



नायनांना ऐकू येत नव्हतं, पण कोण आलंय हे त्यांना कळलं असावं. ते त्या माणसाकडं बघून हात जोडून राहिले. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि मान वळवली.

मग तो मला म्हणाला, "मास्तर, तुमाला बी लेक हाय म्हनं. तिच्या डोक्यावर हात ठिवा आन् सांगा, मी न्हाई केलं. मी उठून जातो. परत येत न्हाई."

माझी मुलगी आतल्या दारात उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे. हातात पुस्तक होतं. ती पुढं यायलासुद्धा तयार होती, मला दिसत होतं. एक पाऊल तिनं टाकलंही. हात ठेवायचा म्हणजे तिच्या देखत ते सगळं उच्चारायचं, त्या दुसऱ्या मुलीचं काय केलं ते, आणि ते मी केलं नाही असं म्हणायचं. माझ्या लेकीच्या डोक्याशी ते शब्द आणणंच मला जमेना. शपथेवर माझा विश्वास नव्हता, हेही होतं. मी म्हणालो, "तिला यात नका आणू, मामा."

त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला. "बरं हाय," म्हणाला, आणि गेला.

तो गेल्यावर बायकोनं पाण्याचा तांब्या उचलला. म्हणाली, "हात ठेवला असता तर काय झालं असतं?" मी तिला कारण सांगितलं. ती हो म्हणाली. पण त्या दिवसापासून आमच्या दोघांत काहीतरी अडकल्यासारखं झालं. ती जेवायला वाढायची, औषधं द्यायची, भांडायचीसुद्धा. फक्त मी बोलत असताना ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची, जरा जास्तच.

पंधरा दिवसांनी, सकाळी गच्चीवर आम्ही दोघं चादरी वाळत घालत होतो. चादर झटकून तिनं तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "एकदाच विचारते, परत नाही विचारणार. तुम्ही नव्हतात ना?"

मी म्हणालो, "नाही. मी नव्हतो."

"बरं," ती म्हणाली. पुढची चादर घेतली.

तिनं शब्द पाळला, परत कधी विचारलं नाही. मला तिचा राग आला नाही. तिच्याजवळ काय होतं? माझं बोलणं आणि पोलिसांचा कागद. कागदावर आमच्या घराचं नाव होतं. मी तिच्याशी वीस वर्षांत कधी खोटं बोललो नव्हतो, पण तिला ते आठवून बघावं लागलं, एवढ्यातच जे जायचं ते गेलं. मुलीनं तर विचारलंही नाही. बारावी झाल्यावर तिला नवीन फोन घेऊन दिला, तो तिनं घरच्या वायफायला जोडला नाही. आपल्या फोनचा डेटा पुरतो, असं म्हणाली.

नायनांना खरं काय झालं ते मी कधीच नीट सांगितलं नाही. त्यांनी ते स्वतःच्या पद्धतीनं जुळवून घेतलं होतं, की आपल्या सिनेमापायी मुलाची नोकरी अडचणीत आली. मी कनेक्शन परत घेतलं, पैसे भरून रीतसर तेलुगू चॅनेल लावून दिले. ते मी घरी असेपर्यंत बघायचे. मी बाहेर पडलो की बायकोला टीव्ही बंद करायला लावायचे. बंद पडद्यासमोर पडून राहायचे. गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या यायच्या थांबल्या होत्याच. पुढच्या थंडीत नायनांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते माझा हात धरून तेलुगूत एवढंच म्हणाले, "मी मागायला नको होतं." मी नाही, नाही म्हणत राहिलो. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

तपास अजून चालू आहे. जप्त केलेल्या वस्तू तपासणीला पाठवल्यात, अहवाल आलेला नाही. त्या बाई अधिकारी बदलून गेल्या. बाकीची चार-पाच घरं वेगवेगळ्या गावांतली, आणि तिथलेही लोक म्हणतात आम्हाला काही माहीत नाही. एकाच्या घरी असाच डबा होता असं माझ्या कानावर आलं. त्यावर मी काही दिवस आशेनं होतो. मग कळलं, की त्या माणसानं तो केव्हाच भंगारात टाकला होता. ज्यानं हे केलं तो कोण, त्या मुलीला ओळखणारा होता की नाही, ते कुणालाच कळलेलं नाही, आणि आता कळेल असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी अशा डब्यांबद्दल वर्तमानपत्रात एक सविस्तर बातमी आली. मी जे कागदावर काढून दाखवलं होतं, तेच सगळं. मी ती कापून घेतली. पोलीस ठाण्यात एक प्रत दिली, कॉलेजात दिली. बायकोसमोर ठेवली, तिनं वाचली आणि देवघराच्या फडताळात ठेवून दिली. उरलेली एक प्रत घेऊन मी एमआयडीसीत गेलो. तो कुठल्या गेटवर असतो ते मला शोधायला वेळ लागला नाही. नायनांना त्या भागात सगळे ओळखायचे.

दुपारची वेळ होती. तो लोखंडी खुर्चीवर बसला होता. मला बघून उठला नाही, पण बसा म्हणून बाजूच्या दगडाकडं हात केला. नायना गेल्याचं त्याला कळलं होतं. मी कागद दिला आणि त्यात काय आहे ते सांगितलं. त्यानं घडी उघडून थोडा वेळ कागद धरला.

"मला वाचाय येत न्हाई," तो म्हणाला.

मी वाचून दाखवू का, असं विचारलं.

"नगं." त्यानं कागद होता तसा घडी घातला आणि मला परत दिला. "तुमी केलं असंल, न्हाई तर दुसऱ्या कुनी. मी लई दिवस त्याच इचारात घालवलं. पोरीला मावशीकडं ठिवलंय. कॉलेज सोडलं. परवा तिला म्हनलं, सापडंल गं कोन ते. तर म्हनली, सापडून काय करू, दादा? समद्यांनी बगून झालंय."

मला तिची माफी मागायची आहे, असं काहीतरी मी म्हणालो. ती पत्र घेईल का विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला.

तेवढ्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो आतून आला. त्यानं उठून गेट उघडलं, ड्रायव्हरकडून पावती घेतली, वहीत नंबर टिपायला ड्रायव्हरच्याच हातात पेन दिलं. मागं दुसरा टेम्पो होता, मग तिसरा. सगळे गेल्यावर तो खुर्चीकडं परत आला नाही, गेटाच्या पलीकडच्या बाजूला सावलीत जाऊन उभा राहिला. मी कागद खिशात ठेवला आणि गाडी चालू केली.